माप सांगायची कसली लाज?

गुलमंडीकडून औरंगपुऱ्याच्या भाजीमंडईकडे येताना कपड्यांची किती दुकानं लागतात, ते इथल्या बायकांना सांगायला नको. साड्या, ड्रेस मटेरियल, मॅचिंग ब्लाउजपीस... दोन-दोन तास आम्ही तिथे रमतो. काठाचा रंग जरा फिका वाटला तरी "नको, दुसरी दाखवा" म्हणतो. पण एक वस्तू अशी आहे, जी आपण दोन मिनिटांत, मान खाली घालून, न उलगडता घेऊन येतो. दुकानदाराने ती कागदात गुंडाळून पिशवीत टाकली की हुश्श करतो. ओळखलंत ना?

हो, ब्राच! माझी आजी 'काचोळी' म्हणायची, आई 'बॉडी' म्हणते, माझी मुलगी सरळ 'ब्रा' म्हणते आणि मी कित्येक वर्षं नुसतंच 'आतलं' म्हणत आले. मैत्रिणींनो, पान उलटू नका. आज मी तुम्हाला ब्रा घरी कशी बेतायची आणि शिवायची, ते सांगणार आहे. आणि मला ती का शिवावीशी वाटली, तेही.

माझ्या लग्नाच्या बस्त्याची गोष्ट. साड्या घेऊन झाल्यावर आईने दुकानातल्या काकांना हळूच सांगितलं, "हिच्यासाठी आतले पण द्या सहा." काकांनी माझ्याकडे एक ओझरती नजर टाकली आणि म्हणाले, "छत्तीस होईल." झालं! टेप नाही, विचारणं नाही. त्या दिवसापासून मी छत्तीस. पुढची अठरा वर्षं मी दुकानात जाऊन तोच आकडा पुटपुटत राहिले. खांद्यावर पट्ट्यांच्या खाचा पडल्या, पाठीमागचा पट्टा सारखा वर सरकायचा, संध्याकाळी मान भरून यायची. मला वाटायचं, बाईच्या जातीला हे असायचंच.

कपड्यातच चूक असेल, असं मनातही आलं नाही. आपल्याला वाटतं, आपलंच अंग बेढब!

आक्का

चार वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या नणंदेचं, आमच्या आक्कांचं, स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालं. एका बाजूचा स्तन काढावा लागला. उपचारांसाठी त्या जालन्याजवळच्या गावाहून आमच्याकडे येऊन राहिल्या होत्या. उपचार संपले, तब्येत सुधारली, केस परत आले. पण आक्का घराबाहेर पडेनात. दोन्ही खांद्यांवरून पदर, तोही हाताने घट्ट धरलेला. भाच्याच्या लग्नाला आल्या नाहीत. हळदीकुंकवाला बोलावलं, तर "डोकं दुखायलंय" म्हणाल्या.

एका दुपारी मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आक्का जवळ येऊन बसल्या आणि एकदम म्हणाल्या, "ब्लाउज एका बाजूला पडतंय गं. लोकं बघायलेत असं वाटतंय. आणि तोलच जायलाय एकीकडं."

मी म्हटलं, "आक्का, हे आधी का नाही सांगितलंत?"

त्या जरा वेळ गप्प बसल्या. मग जे बोलल्या, ते मी विसरू शकत नाही. "गाठ बी सांगितली नव्हती की मी. तीन-चार महिने हाताला लागत होती. पण सांगावं कुणाला? लेकाला कसं सांगू? सुनेला काय वाटंल? आणि दवाखान्यात डॉक्टर बाप्या असला म्हणजे?"

माझ्या हातातली घडी तशीच राहिली. मला एकदम ते बस्त्याचं दुकान आठवलं. जी लाज मला दुकानात माप सांगू देत नव्हती, त्याच लाजेने आक्कांना घरात गाठ सांगू दिली नाही. माझ्या लाजेने माझी मान दुखली, एवढंच. आक्कांच्या लाजेने त्यांचे तीन-चार महिने खाल्ले. गाठ लवकर दाखवली तर उपचार सोपे होतात, काही वेळा स्तन वाचवताही येतो. भारतात बायकांमध्ये आज सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. आपल्या शहरात २०१२ पासून शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, मराठवाड्यातून पेशंट तिथे येतात. पण तिथपर्यंत पोचण्याआधी बाईला तोंड उघडावं लागतं ना!

आक्कांसाठी बाजारात चौकशी केली. अशा ऑपरेशननंतर घालायची ब्रा आणि सिलिकॉनचा कृत्रिम स्तन मिळतो, पण किंमत ऐकून आक्काच म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे." तेव्हा मी ठरवलं, शिवूनच बघू. बी.ए.ची पदवी कपाटात असली तरी हाताशी पायमशीन होतं, आणि आमच्या मंडळाचा शिवणवर्ग मी दहा वर्षं चालवत होते. झबली, परकर, कटोरी ब्लाउज, सगळं शिकवत होते. मात्र जो कपडा प्रत्येक बाईच्या अंगाला सगळ्यात आधी लागतो, तोच आमच्या वर्गात नव्हता!

आजीची गाठ

शिवायला बसले तेव्हा मला माझी अंबडची आजी आठवली. आजी नऊवारी नेसायची आणि स्वतःची चोळी स्वतः बेतायची. ओटीत आलेले खण ती जपून ठेवायची. मग एखाद्या दुपारी एक खण काढायचा, जुनी चोळी उसवून त्यावर ठेवायची, बोटांनी अंदाज घ्यायचा आणि कात्री चालवायची. हाताने बारीक टीप घालायची. पुढे छातीखाली दोन टोकांची गाठ.

आता कळतं, ती गाठ म्हणजे काय शहाणपण होतं! छातीचा भार खांद्यांनी नाही, छातीखालच्या पट्ट्याने पेलायचा असतो. ब्राचंही तत्त्व तेच. आजीची गाठ हाच तिचा पट्टा होता. बाळंतपणात सैल बांधायची, शेतात जाताना घट्ट. अंगाप्रमाणे कपडा रोज बदलायचा. त्यात छत्तीस-अडतीस काही नव्हतं. आजीची चोळी आजीच्याच मापाची.

बाईने छातीला शिवलेला कपडा घालणं आपल्याकडे नवं नाही. आपल्या अजिंठ्याच्या पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रात नर्तकी आहे, तिच्या अंगात लांब बाह्यांचा शिवलेला कपडा आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचा! सहलीला गेलात तर मुद्दाम बघा.

आणि आजची ब्रा? तीही घरातच जन्मली. न्यूयॉर्कमधल्या मेरी फेल्प्स जेकब नावाच्या तरुणीला एका समारंभाला जायचं होतं. तेव्हाचे कॉर्सेट म्हणजे ताठ पट्ट्या घातलेले, श्वास कोंडणारे. झिरझिरीत झग्याखाली ते दिसायचेही. तिने मोलकरणीच्या मदतीने दोन रेशमी रुमाल आणि रिबीन घेऊन सुईदोऱ्याने एक हलका कपडा शिवला. ३ नोव्हेंबर १९१४ रोजी तिला त्याचं पेटंट मिळालं. १९७७ मध्ये अमेरिकेतल्याच तिघी मैत्रिणींनी धावताना घालायची ब्रा केली, तीसुद्धा पुरुष खेळाडूंचे दोन लंगोटासारखे पट्टे एकमेकांना जोडून! आणि १९६९ मध्ये चंद्रावर उतरलेल्या नील आर्मस्ट्राँगचा पोशाख ज्या कंपनीत शिवला गेला, ती कंपनी 'प्लेटेक्स' नावाने ब्रा आणि कमरपट्टे बनवायची. तिथल्या शिवणकाम करणाऱ्या बायकांनी तो मशीनवर शिवला होता. तेव्हा या शिवणाला कुणी कमी लेखू नये.

आधी टेप, मग कात्री

आता कामाला लागू. दार लावून आरशासमोर उभ्या राहा. टेप घ्या, वही घ्या. पाच मापं घ्यायची आहेत.

पहिलं, छातीखालचं. स्तन जिथे संपतात तिथे टेप सरळ गोल फिरवा, श्वास सोडा, नीट घट्ट धरा. दुसरं, पूर्ण छातीचं. सगळ्यात भरलेल्या भागावरून, टेप पाठीवर घसरू न देता, आवळू न देता. जुनी का होईना, पॅड नसलेली ब्रा घालून हे माप घ्या. तिसरं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. चौथं, खांद्यापासून टोकापर्यंत. पाचवं, टोकापासून खालच्या घडीपर्यंत.

पहिल्या दोन मापांतला फरक म्हणजे कटोरीची खोली. विकतच्या ब्रावर आकड्यापुढे जे ए, बी, सी, डी असतं, ते हेच सांगतं. साधारण एक इंचाचा फरक म्हणजे ए, दोन म्हणजे बी, तीन म्हणजे सी, चार म्हणजे डी. कंपनीगणिक थोडं इकडेतिकडे होतं. आकडा असतो पट्ट्याचा, अक्षर असतं कटोरीचं. आपण दुकानात नुसता आकडा सांगतो, म्हणजे निम्मंच माप सांगतो!

माझंच घ्या. छातीखाली ३२ आणि पूर्ण छाती ३६. फरक चार. म्हणजे माझं माप ३२ डी. आणि मी अठरा वर्षं घालत होते ३६ बी. गंमत म्हणजे या दोन्हींच्या कटोऱ्या जवळपास सारख्याच भरतात, म्हणून कटोरीची तक्रार नव्हती. पण पट्टा चार इंच सैल! पट्टा काही धरतच नव्हता, सगळा भार खांद्यावर. खाचा तिथून आल्या होत्या. दुकानात बऱ्याचदा पूर्ण छातीचंच माप पट्ट्याचं म्हणून सांगतात, नाहीतर छातीखालच्या मापात चार-पाच इंच मिळवतात. तिथे चूक होते. घरी शिवताना तर आकड्याची नि अक्षराची गरजच नाही. तुमचं माप साडेतेहतीस असेल, तर पट्टा साडेतेहतीसचा.

आणखी एक. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या कुणाच्याच नसतात. आपले दोन पायसुद्धा सारखे असतात का? नवी चप्पल एका पायाला लागते, दुसऱ्याला नाही. तसंच हे. आयुष्यभर थोडा फरक असेल तर काळजी नको. घरी शिवताना दोन कटोऱ्या दोन मापांच्या कापता येतात. मात्र हल्लीच एकाएकी फरक दिसू लागला असेल, तर डॉक्टरांना दाखवा.

कागद, कापड आणि दोन कळस

नवशिकीसाठी सगळ्यात सोपी वाट म्हणजे आजीचीच. जी जुनी ब्रा त्यातल्या त्यात बरी बसते, ती अर्धी उसवा. तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवा, पेन्सिलीने आखा, शिवणीसाठी पाव इंच जास्त सोडा. मग तुमच्या पाच मापांशी ताडून बघा आणि कागदावरच कमी-जास्त करा. बरी बसणारी एकही ब्रा नसेल (बहुतेकींकडे नसतेच!) तर तुमच्या कटोरी ब्लाउजच्या कटोरीपासून सुरुवात करा.

कटोरी दोन तुकड्यांची, वरचा आणि खालचा. दोघांची जोडशिवण टोकावरून जाते. खालच्या तुकड्याची मधली उंची म्हणजे तुमचं पाचवं माप. सगळं गुपित त्या जोडशिवणीत आहे. जोडायच्या कडा सरळ कापल्या तर कटोरी सपाट राहते, बाहेर गोलावल्या तर खोल होते. खोली कमी पडली तर गोलाई पाव इंच वाढवा. जास्त झाली तर तेवढीच आत घ्या. पण गोलाई मऊ हवी. माझी पहिली ब्रा अशी टोकदार झाली होती की, मुलगी म्हणाली, "आई, हे देवळाचे कळस कुठे लावणार आहेस?" हसून हसून दोघींच्या डोळ्यांत पाणी आलं. मग गोलाई टोकाशी एकदम न वळवता सावकाश वळवली, तेव्हा जमलं.

पहिली ब्रा नव्या कापडात कधीच शिवू नका. जुनी सुती साडी, चादर, काहीही चालेल. कच्चे टाके घाला, अंगावर घालून बघा, खडूने खुणा करा, उसवा, परत शिवा. मी तिसऱ्या वेळेला खरं कापड कापलं.

कापड सुतीच घ्या. कटोरीला आणि दोन कटोऱ्यांमधल्या पट्टीला न ताणणारं, म्हणजे पॉपलीन किंवा टू-बाय-टूचं ब्लाउजपीस, आतून मऊ अस्तर. पाठीच्या पट्ट्याला मात्र होजिअरी, म्हणजे बनियनचं कापड. ते अंगाभोवती ताणलं जाईल असं ठेवून कापा. उभं कापलंत तर पट्टा ताणणारच नाही. पट्टा अंगापेक्षा थोडा कमी हवा. छातीखाली ३२ इंच असेल, तर हूक लावून तयार झालेला पट्टा न ताणता २८-२९ इंच भरावा. खांद्याचे पट्टे पुढे सुती, मागे थोडं इलॅस्टिक. रुंदी पाऊण इंच. छाती जड असेल तर एक इंच.

आपल्या साध्या पायमशीनवर झिगझॅग टीप नसते, आणि सरळ टिपेने शिवलेलं इलॅस्टिक ताणलं की दोरा तटकन तुटतो. त्यावर उपाय आपल्या परकरात आहे. नेफा करा! पट्ट्याच्या खालच्या कडेला अरुंद नेफा शिवून त्यातून इलॅस्टिक ओवा, दोन्ही टोकं पक्की करा. सैल झालं की उसवून बदलताही येतं. होजिअरी शिवताना गोल टोकाची सुई लावा, नाहीतर मधले टाके सुटतात. आणि जुनी ब्रा टाकण्याआधी तिचे हूक, कड्या, पट्टे सरकवायची बक्कलं काढून डब्यात ठेवा. नव्या ब्राचा निम्मा खर्च तिथेच वाचतो.

घालून बघताना

ब्रा तयार झाली की सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर लावा. इलॅस्टिक धुवून धुवून सैल होतं, तेव्हा आतल्या हुकांवर जायचं असतं. आता थोडं पुढे वाकून दोन्ही बाजू कटोरीत नीट बसवा, सरळ उभ्या राहा आणि बघा.

पाठीमागचा पट्टा पुढच्या पट्ट्याच्या समान पातळीत आहे का? वर चढत असेल तर तो सैल आहे. पट्ट्याखाली दोन बोटं जावीत, मूठ जाऊ नये. दोन कटोऱ्यांमधली पट्टी छातीच्या हाडाला टेकते का? टेकत नसेल तर कटोरी लहान. वरून उतू जात असेल तरी लहान. कटोरीला सुरकुत्या पडत असतील तर मोठी. दोन्ही हात वर करा, वरच्या फळीवरचा डबा काढतो तसे. कटोरी जागची उठली नाही, तर जिंकलात! खांद्याचा पट्टा उतरवून बघा; नुसत्या पट्ट्यावरही ब्रा बऱ्यापैकी जागेवर राहायला हवी.

मला हे माप जमलं, त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत मान चोळली नाही. इतकी साधी गोष्ट, पण अठरा वर्षांत कुणी सांगितली नव्हती.

मग शिवणवर्गात हा धडा घेतला. पहिल्या दिवशी सगळ्या पदर तोंडाला लावून हसत होत्या. एकीने विचारलं, "बाई, दार लावू का?" लावलं. एकमेकींची मापं घ्यायला सुरुवात झाली आणि तोंडं मोकळी झाली. नुकती बाळंत झालेली एक जण म्हणाली, दूध पाजायचं म्हणून ती दोन मापं मोठी घालते. तिला पुढून उघडणारी शिवून दिली आणि समजावलं, दूध येण्याच्या काळात मापं बदलतातच, दर दोन महिन्यांनी टेप लावायचा. एकीची मुलगी सातवीत, वाकून चालायला लागली होती. आईला वाटायचं ती शिस्तीत चालत नाही. त्या मुलीला पहिली ब्रा तिच्या आईने स्वतः शिवून दिली. आईने मापाला हात लावला, मुलीने लावू दिला, हेच केवढं मोठं!

वर्गात गैरसमजही निघाले. काळी ब्रा घातली की कर्करोग होतो, रात्री घालून झोपलं की गाठ होते... अमेरिकेत सिएटल भागातल्या पंधराशेहून अधिक बायकांची माहिती तपासून २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ब्रा घालण्याचा आणि स्तनाच्या कर्करोगाचा संबंध त्यात आढळला नाही. रंगाला घाबरू नका. त्रास होतो तो ओल्या ब्राचा. आपण ती टॉवेलखाली, परकराआड लपवून वाळवतो. पावसाळ्यात ती दमटच अंगावर चढते, मग छातीखाली खाज, पुरळ, बुरशी. गच्चीवर नवऱ्याचं बनियन ऐटीत वाळतं, मग आपल्या ब्रानेच काय पाप केलंय? सरळ उन्हात वाळत घाला.

आक्कांचा खिसा

आता परत आक्कांकडे. त्यांच्यासाठी मी जी ब्रा शिवली, ती अशीच, फक्त दोन बदल करून. ऑपरेशन झालेल्या बाजूच्या कटोरीला आतून मऊ सुती कापडाचा खिसा लावला, बगलेच्या बाजूने उघडा. आणि सगळे पट्टे रुंद ठेवले, तार नाही, टोचणारी शिवण नाही, काखेत आवळणारं इलॅस्टिक नाही. काखेतल्या गाठी काढलेल्या असतील तर त्या हाताला सूज येण्याची भीती असते, म्हणून हे जपायचं. जखम पूर्ण भरल्यावर आणि डॉक्टरांना विचारूनच अशी ब्रा घालायची.

खिशात ठेवायला दुसऱ्या बाजूच्या आकाराची एक उशी केली. आधी नुसता कापूस भरला, तर ती हलकी झाली आणि वर सरकायला लागली. मग आतल्या थैलीत थोडे राळे भरले, वरून कापसाचा थर. वजन जमलं. धुताना राळ्याची थैली काढून ठेवायची, बाकी सगळं धुवायचं. पावसाळ्यात राळे बदलायचे, नाहीतर कीड लागते. ज्यांना विणता येतं त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. अमेरिकेत बार्बरा डेमोरेस्ट यांनी २०११ मध्ये 'निटेड नॉकर्स' ही चळवळ सुरू केली. सुती धाग्याने विणलेले मऊ, हलके कृत्रिम स्तन ऑपरेशन झालेल्या बायकांना मोफत द्यायचे. आता आपल्या मुंबईतही बायका असे विणून गरजूंना पाठवतात. लोकरीचे स्वेटर विणणारे किती हात आपल्याकडे आहेत!

आक्कांनी ब्रा घातली, वर ब्लाउज घातलं, साडी नेसल्या आणि आरशासमोर उभ्या राहिल्या. पदर एका खांद्यावर. कितीतरी महिन्यांनी एका खांद्यावर! काही बोलल्या नाहीत. नुसता ब्लाउजवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "हूक जरा इकडं घे की. आवळायलंय." मला इतकं बरं वाटलं! बाई तक्रार करायला लागली म्हणजे तिला कपडा आपला वाटायला लागला.

तेव्हापासून आमच्या वर्गात माप घ्यायच्या दिवशी आणखी एक गोष्ट शिकवतो. टेप लावताना आरशात नीट बघायचं. कुठे गाठ लागते का, काखेत काही लागतं का, कातडी ओढल्यासारखी किंवा संत्र्याच्या सालीसारखी दिसते का, टोक अलीकडेच आत ओढलं गेलंय का, त्यातून पाणी किंवा रक्त येतं का. यातलं काही दिसलं तर घाबरायचं नाही, कारण बहुतेक गाठी साध्या असतात. पण थांबायचंही नाही. त्याच आठवड्यात डॉक्टर. एकटीने जायला लाज वाटत असेल तर मैत्रिणीला न्या. डॉक्टर पुरुष असेल तर सोबत नर्सला बोलवायला सांगा, तो आपला हक्क आहे. स्वतःचं माप माहीत असलेल्या बाईला बदल लवकर कळतो. परक्याने डोळ्यांनी ठरवलेल्या मापात जगणाऱ्या बाईला तो कळणार कसा?

गेल्या महिन्यात आक्का तपासणीसाठी आल्या होत्या. तपासणी चांगली झाली, म्हणून दोघी औरंगपुऱ्यात फिरायला गेलो. मंडईतून मेथीच्या दोन जुड्या घेतल्या, मग शिवणसामानाच्या दुकानात शिरलो. आक्कांना आता गावी दोघी-तिघींना शिकवायचं होतं, त्यासाठी हूक आणि इलॅस्टिक हवं होतं. काउंटरवरच्या मुलाने विचारलं, "कशासाठी पाहिजे, मावशी?" मी सवयीने इकडेतिकडे बघितलं. दुकानात चार माणसं होती.

आक्का मात्र बघत नव्हत्या. "ब्राला," त्या म्हणाल्या, "पट्टा चौतीसचा. नीट मोजून दे."

मुलाने मान डोलावली आणि मोजून दिलं. एवढंच तर होतं!